गनीचाचांची चकचकीत पेटी

खैरुद्दीनने पाना नटावर बसवला तेव्हाच तो किंचित डुलला. नीट बसणारा पाना डुलत नाही. तरी त्याने जोर लावला. पान्याचा जबडा फाकला, नटाचा कोपरा झिजून गोल झाला आणि त्याची बोटं चाकाच्या आऱ्यांवर आपटली.

रक्त पुसून त्याने पेटीतला दुसरा पाना काढला, मग तिसरा. कानस घेऊन एकेकाच्या कडेवर ओढली. चांगल्या पोलादावरून कानस घसरते. इथे ती चावत गेली. वरची झिलई निघाली की खाली मऊ, करडं लोखंड. सगळी पेटी तशीच.

तो तिथेच वाळूवर बसला. उद्या शुक्रवारची सुट्टी, शनिवारपासून काम सुरू.

एकोणीसशे त्रेसष्ट साल होतं. दुबईची खाडी जिथे संपते, त्या रास अल खोरच्या खारट मैदानावर एका बांधकाम कंपनीची छावणी होती. पंपावरची माणसं, पहारेकरी, निरोपे, सगळे सायकलीवर फिरत. आधीच्या मिस्त्रीने एक नट अर्धवट आवळून सोडला होता. भर मैदानात पंपवाल्याचं पुढचं चाक निखळलं. पाय मोडून तो सकाळपासून उन्हात पडून राहिला, दुपार कलल्यावर ट्रक त्याच्यापर्यंत पोहोचला. जगला, पण लंगडत मुलखात परत गेला. मिस्त्रीचीही नोकरी गेली, त्या जागी खैरुद्दीन आला. कराचीचा स्टोअरकीपर मुश्ताक याने हे सगळं खैरुद्दीनला पहिल्याच भेटीत सांगितलं. हत्यारं तू निवड, कंपनी घेईल, म्हणाला. पण चाक निखळलं तर कुठलीच सबब ऐकणार नाही.

आणि खैरुद्दीनला निवडता येत होतं. चिपळूणच्या सायकल दुकानात तो उमेदीची वर्षं राबला होता. पाना नटावर बसवून उजेडाकडे धरायचा, मधून फट दिसली तर ठेवून द्यायचा. दोऱ्याला टांगून टिचकी मारायची, आवाज लांबला पाहिजे. चाकाच्या आसावरचा कोन नावाचा नट फिरवायचा पाना पातळ हवा, पण वाकता कामा नये. हे सगळं ठाऊक असून त्याने दुबईच्या देरा बाजारातल्या गनीचाचांच्या दुकानातून पेटी न उघडता उचलली होती.

कारण ते गनीचाचा होते. दाभोळच्या खाडीकाठच्या त्यांच्या गावात वडीलधाऱ्याच्या हातचा माल पारखत नाहीत. जाळं असो, मासळी असो, दिलं ते घ्यायचं, सलाम करायचा. पारखणं म्हणजे तोंडावर खोटं म्हणणं. शिवाय खैरुद्दीनला दुबईला येणाऱ्या लाँचमध्ये जागा मिळवून दिली ती चाचांनी. देऱ्यातल्या गावकीच्या खोलीत वळकटी टाकायला जागा दिली तीही चाचांनीच. त्या खोलीचे ते कारभारी. त्यांचा शब्द मोडून तिथे कुणी राहिलेलं नव्हतं.

बायको हव्वाबी गावी होती. मुलूख सोडताना तिने एवढंच बजावलं होतं, गनीचाचांना धरून राहा.

शुक्रवारी नमाजानंतर तो पेटी खांद्यावर घेऊन बाजारात गेला. चाचा एकटे सापडतील, हळूच बदलून मागू, असा बेत होता. पण दुकानात गावचे लोक चहा घेत बसले होते. तो उंबऱ्यातच थबकला. परत फिरावं असं वाटलं. मग शनिवार आठवला.

त्याने पेटी फळीवर ठेवली. माल बदलून हवाय, इतकंच बोलला.

चहाचे पेले थांबले. जमाल गावच्याच मोहल्ल्यातला, चाचांच्या जावयाचा भाऊ. तो हसला. "चाचांनी लाँचमध्ये बसवला नसता तर खैरू अजून शिंपल्या काढत असता. आता माल पारखतो."

कुणीतरी हसलं. चाचा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून फडक्याने पुसला. "काय खोट आहे?"

"नरम आहे, चाचा."

"सगळ्यांसमोर बोललास, आता सगळ्यांसमोर दाखव."

दुकानाच्या दारात व्हाइस होता. खैरुद्दीनने त्यात जुना बोल्ट आवळला. न वापरलेला पाना पेटीतून काढला, नटावर बसवला आणि अंगाचा भार दिला. भार सरळ दिला, झटका दिला नाही. झटक्याने चांगला पानाही बिघडतो आणि मग बोलणाऱ्यांना जागा मिळते. क्षणभर काहीच झालं नाही. जमालने तोंड उघडलं. तेवढ्यात जबडा फाकला. लोखंड मोडलं नाही, कडकड आवाज नाही. नुसतं ओठ विलगावेत तसं उघडलं.

बाहेर हमाल हातगाडी ओढत ओरडत गेला, ते सगळ्यांनी ऐकलं.

चाचा उठले. मागच्या फळीवरून तेलकट कागदाची पुडकी काढली. कंपनीच्या इंजिनियरांसाठी ठेवलेला विलायती माल. एकेक पाना उलगडून ते उजेडाकडे धरत, अंगठ्याने जबड्याची कड चाचपत, मग फळीवर ठेवत. कोनाचे पाने, पकड, आऱ्यांची चावी, टायर काढायच्या पट्ट्या. खैरुद्दीन बघत राहिला. कसं निवडायचं ते चाचांना सगळं येत होतं. चकचकीत पेटी त्यांनी त्याला जाणूनबुजून दिली होती.

हे त्याला कळलं आणि चाचांनाही कळलं की त्याला कळलं.

"घे," चाचा म्हणाले. "हिसाब कंपनीशी करेन. आणि खोलीतली तुझी वळकटी मगरिबची बांग व्हायच्या, दिवस मावळायच्या आधी उचल. खलास."

जमाल खाली बघू लागला. एवढं होईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. एक म्हातारा, चाचा, जाऊ द्या, असं काहीतरी पुटपुटला. चाचांनी तिकडे पाहिलं नाही.

माफी मागितली असती तर वळकटी राहिली असती. तीच नरम पेटी उचलून निघावं लागलं असतं, इतकंच. त्याने खिशातून छावणीतल्या सायकलीचा नट काढला.

"उचलतो, चाचा," तो म्हणाला. "आधी हे बघून घेतो."

आणि गनीचाचांनी निवडून ठेवलेला एकेक पाना त्याने पुन्हा पारखला. सावकाश, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. उजेडाकडे धरून, दोऱ्याला टांगून, नटावर बसवून. कोनाच्या एका पान्याशी तो थांबला. तो वापरलेला होता, एका बाजूने घासलेला. त्याने तो फळीवर मागे सरकवला.

"हा नको."

चाचांनी पाना उचलून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. मग दुसरं पुडकं सोडलं.