सुमती टिपणीसची गच्चीवरची करणी

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या डोंबिवली पूर्वेत कुजबुज उठली, की सुमती टिपणीसने साऱ्या गावाची लग्नं बांधून ठेवली आहेत. स्वतःचं जमलं नाही ना, म्हणून. सांगणारी भागीरथीबाई, तीन उपवर मुलींची आई, ऐकणारा मी. म्हणजे दिवेलागणीपर्यंत ती कुजबुज स्टेशनापलीकडे पोचणार, यात शंका नव्हती.

सुमती वधूवर मंडळात कामाला. चिटणीस सहदेवरावांनी मंडळात कॉम्प्युटर आणला आणि हिवाळाभर सुमतीने त्यात स्थळं भरली. नाव, उंची, गोत्र, शिवाय न संपणाऱ्या अपेक्षा. काम संपलं तसा सहदेवरावांनी मशीनपुढे नारळ फोडला आणि त्याच उत्साहात स्थळांची जुनी कार्डं रद्दीवाल्याला देऊन टाकली. मग कळलं, नावं आत गेली ती गेली. यादी काही छापून बाहेर येईना. रविवारी मेळावा. कॉम्प्युटरचा प्रोग्राम विकणारा मस्कतला निघून गेलेला. सहदेवराव चारचौघांत म्हणाले, टायपिंग सुमतीबाईंचं, तेव्हा यादी आली नाही तर सोमवारपासून त्यांनी यायचं कारण नाही.

मागे राहिलं होतं ते प्रोग्रामचं जाडजूड पुस्तक. लिहिणाऱ्याला जे जेव्हा आठवलं, तेव्हा त्याने ते लिहिलेलं. छपाईचं पुढे येईल म्हणायचा. पुढे जावं तर मागे सांगितलंच आहे म्हणायचा. अनुक्रमणिका होती, पण ती बहुधा दुसऱ्याच पुस्तकाची.

शेवटी सुमतीने पानं सुटी केली आणि भर दुपारी गच्चीवर, भागीरथीबाईंच्या कुरडयांशेजारी, दगड ठेवून पसरली. मधून चवड्यांवर चालायची, पानांचे आकडे पुटपुटत. कागदाला पाय लागला की वाकून नमस्कार. कागद म्हणजे सरस्वती, लहानपणापासूनची सवय. जिन्याच्या दारातून पाहणाऱ्या भागीरथीबाईंना मात्र हा सगळा विधी वाटला, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच मानायला आवडलं.

शुक्रवारी बाईंचा धीर सुटला. "सुमते, माझ्या पोरींना तरी सोड गं."

सुमतीने मान वर केली नाही. "मावशी, तिघीही यातच अडकल्यात. तो दगड द्या आधी, पान उडतंय."

बाईंचा चेहरा पिठासारखा झाला, पण दगड दिला. तोवर पान उडून कठड्याला चिकटलं होतं. सुमतीने ते धरलं, उभ्या उभ्या वाचलं, आणि चपला तिथेच टाकून जिना उतरली.

संध्याकाळी मंडळाच्या खिडकीतून प्रिंटरची करकर गल्लीभर ऐकू आली. इतका कर्कश आवाज इतका गोड कधी वाटला नव्हता. यादी टेबलावरून जमिनीवर उतरली, तरी येतच राहिली. सहदेवरावांनी पेढे वाटले; सुमती खुर्चीतच झोपली होती, तिचा पेढा मी खाल्ला.

मेळाव्यात भागीरथीबाईंच्या मधलीचं जमलं. आपण विनवलं म्हणून करणी सुटली, असं त्या अजून सांगतात.

सुमतीने कुणाचंही लग्न बांधलं नव्हतं. यादी कशी छापायची, ते त्या पुस्तकात मशीन बंद करण्याच्या प्रकरणात लिहिलं होतं.