काकांची गाडी अकराच देते

वर्षापूर्वी गेलेल्या माझ्या काकांच्या तोंडी आज सकाळी एक खोटे घालण्यात आले.

घटनाक्रम असा.

आज काकांचा पहिला स्मृतिदिन. रामनगरच्या बाजारात त्यांचे भुसार मालाचे दुकान होते. माझ्या फेसबुकच्या यादीतल्या बहुतेकांनी तिथून तांदूळ नेलेला आहे.

सकाळी त्यांचा मुलगा प्रमोद याने हार घातलेला फोटो टाकला. ‘अप्पा, तुमची उणीव रोज भासते.’

त्याच फोटोखाली, एक ओळ सोडून, त्याने काकांची जुनी सेडान विकायला काढली. ‘लक्झरी गाडी. सिंगल ओनर. अप्पा नेहमी सांगायचे, हायवेवर लिटरला अठरा देते.’

त्यावर नंदिगड्ड्याच्या एका गुरुजींनी लिहिले, ‘काकांनी सांगितलंय म्हंजे बघायचं काय कारण न्हाई. उद्या येऊन टोकन देतो.’

त्यावर मी एकच शब्द लिहिला. ‘अकरा.’

तो डिलीट झाला.

म्हणून हे इथे, माझ्या भिंतीवर, जिथे प्रमोदचा हात पोचत नाही.

श्रद्धांजली आणि जाहिरात एकाच पोस्टमध्ये उरकणाऱ्याच्या अभिरुचीवर मी बोलणार नाही. बोलण्यासाठी ती आधी असावी लागते.

‘सिंगल ओनर’ हेही खोटेच. गाडी काकांनी गोव्यातल्या एका हॉटेलमालकाकडून सेकंडहँड घेतली होती. पण ते प्रमोदचे स्वतःचे खोटे आहे. त्याचे त्याला लखलाभ.

अठरा मात्र त्याने काकांच्या नावावर खपवले आहे.

गाडी देखणी होती. सहा सिलिंडर, लेदरच्या सीट, दार मिटताना कपाट मिटल्यासारखा आवाज. उळवीच्या जत्रेला काका गल्लीतल्या म्हाताऱ्यांना तिच्यातून नेत. वाटेत चहाला थांबले की कोणी ना कोणी विचारीच,

“काका, ॲव्हरेज किती देती हो?”

“अकरा.”

“एवढी मोठी गाडी, आन् अकराच?”

“पटत न्हाई तर बस हाय की. ती बी उळवीलाच जाती.”

त्यांना त्या अकराची लाज वाटत नसे. लाज वाटायची ती आकडा फुगवणाऱ्यांची.

आता हा अठरा आला कुठून, तेही सांगते. त्याचा जन्म माझ्यासमोर झाला आहे.

आमच्याकडे पेट्रोल भरायला गोव्यात उतरायची पद्धत आहे. तिकडे ते स्वस्त. ॲव्हरेज काढायची हौस असणारे निघताना रामनगरला टाकी काठोकाठ भरतात, अनमोड घाट उतरतात, गोव्याच्या पंपावर पुन्हा काठोकाठ भरतात, आणि तिथेच मोबाइलवर भागाकार करून धन्य होतात.

परतीचा चढ कोणाच्याच गणितात येत नाही.

त्यामुळे आमच्या भागातली प्रत्येक गाडी कंपनीच्या दाव्यापेक्षा जास्त देते. शिकलेसवरलेले लोकही हे मान ताठ ठेवून सांगतात.

एकदा सकाळी रामनगरला टाकी भरून आम्हीही गोव्यात उतरलो; प्रमोद गाडी चालवत होता. काका आणि मी मागे. गोव्याच्या पंपावर त्याने मोबाइल उंचावला. “अप्पा, अठरा.”

“कुठनं कुठवर?”

“रामनगर ते हितं.”

“मग ते घाटाचं ॲव्हरेज झालं. गाडीचं कुठं हाय?”

“अप्पा, समदे असंच काढत्यात.”

“समद्यांनी अर्धं पोतं तोलून पुऱ्याचा भाव सांगितला, तर तू बी सांगशील व्हय?”

परतताना घाट चढून आम्ही रामनगरला आलो. काकांनी गाडी त्याच पंपावर, सकाळी उभी होती त्याच जागी लावायला सांगितली. तिथली जमीन एका बाजूला कलती आहे. जागा बदलली की टाकीत मावणारे पेट्रोल बदलते. जाता-येता मिळून आकडा आला अकरा.

“आता सांग लोकांना,” काका म्हणाले.

प्रमोद काचा वर करत बसला. एसी बंद असताना.

काकांनी सपाट रस्त्यावरही मोजून पाहिले होते. हुबळीच्या हायवेवर गाडी तेरा देई. पण विचारणारा घाटातला असेल तर ते अकराच सांगत. “त्येला हुबळीत न्हाई ऱ्हायचं,” म्हणत.

गुरुजीही हुबळीत राहत नाहीत. नंदिगड्ड्याच्या चढ-उतारांवर त्यांची पहिली टाकी संपेल तेव्हा ते प्रमोदला खोटारडा म्हणणार नाहीत. काकांना म्हणतील. आणि काका उत्तर द्यायला नाहीत.

डिलीटनंतर मी प्रमोदला फोन केला.

“अक्का, जाहिरातीत सगळे थोडं वाढवूनच लिहितात गं.”

“मग तुझ्या नावाने लिही. काका कशाला मध्ये?”

“माझ्या नावावर कोण विश्वास ठेवणार?”

हे वाक्य त्याने विनोद म्हणून उच्चारले नव्हते. त्याच्या संपूर्ण पोस्टमध्ये याच्याइतके अचूक विधान एकही नाही.

प्रमोदच्या फोटोखाली ‘जुन्या इंजिनांची बातच न्यारी’ असे लिहून बदाम टाकणाऱ्या सर्वांसाठी: काकांना तुम्ही ओळखत होतात असे यापुढे कोणाला सांगू नका.

गुरुजी, गाडी खुशाल घ्या, चांगली आहे. पण अकरा देते हे जाणून घ्या.

काका, आयुष्यभर तराजूचा काटा स्थिरावल्याशिवाय तुम्ही माल उचलू दिला नाहीत. तुमचा शब्दही तसाच होता. त्याला माझा नमस्कार.

आणि प्रमोद, गुरुजी उद्या तुझ्या दारात येण्यापूर्वी या पोस्टखाली स्वतःच्या नावाने उत्तर दे. काकांनी ‘अठरा’ कधी, कुठे आणि कोणासमोर सांगितले?

लेखी दे. फोन मी उचलणार नाही.