उलट्या माणसांची खोली

काल दुपारी चिंचवडच्या आमच्या घरात खिडकी लावली, तर तिच्या फळीतल्या भोकातून समोरच्या भिंतीवर रस्ता उमटला. कंपनीतून सुटलेली माणसं खाली डोकं, वर पाय अशी मुकाट चालली होती.

निघोजे, १९५४ सालचा मार्च. हजर आम्ही चार शिकाऊ मास्तर आणि आमचे गुरुजी. शाळेच्या एका खोलीत दुसऱ्या दिवशी मला पाठ द्यायचा होता आणि एकही पोर आत यायला तयार नव्हतं. "दार लावलं की भिंतीवर मेलेली माणसं चालत्यात," किल्ली देताना गावातले तात्या म्हणाले. "आमी सांगायचं काम केलं."

आम्ही दार लावलं. अंधारात जुन्या चुन्याचा वास होता. थोड्या वेळाने भिंतीवर एक बाई आली. तिच्या डोक्यावर घागर होती, पण डोकं जमिनीकडे. पावलांचा आवाज नाही, पाणी सांडत नाही.

"पळू नका," गुरुजी हळूच म्हणाले. "ती कुठं चाललीय तेवढं बघा."

"नदीकडं," मी म्हणालो.

"मग बाहेर जाऊन विचारा तिला."

बाहेर खरंच एक बाई होती, पण ती नदीकडून येत होती. "काय मास्तर, भूत दिसलं का?" ती म्हणाली. बंद दाराच्या फळीत एक बारीक भोक होतं, उजेड तिथूनच आत जात होता; मी त्यावर बोट ठेवलं. आतून आवाज आला, "गेली." बोट काढलं. "आली."

दुसऱ्या दिवशी पोरं आत येईनात, म्हणून मी निम्म्यांना भूत व्हायला बाहेर ठेवलं. मग उरलेली आपणहून आत शिरली.

काल बायको खिडकीचं भोक बुजवायला बोळा घेऊन आली. मी तिला थांबवलं. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्या उलट्या रांगेत मी कुणाला शोधत होतो, हे तिला सांगितलं नाही.