मागच्या खोलीतलं रसायन

माझ्या सायकलला ब्रेक होते, नाही असं नाही. फक्त ते लागत नसत. त्यामुळे आष्ट्याच्या जकात नाक्यावरून सुटलो की मी मदिनाचाचींच्या बोळातून थेट परसात शिरायचो आणि शेवग्याच्या झाडावर हलकेच आदळून थांबायचो. झाडाची आणि माझी तशी समजूत झाली होती. पण बासष्ट सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी झाडाच्या अलीकडं एक शेळी उभी होती. शेळीला वाचवण्यासाठी मी हँडल वळवलं आणि मागच्या खोलीच्या दाराशी तोंडाला फडकं बांधून ठेवलेल्या एका थोरल्या मडक्यात पुढच्या चाकासकट घुसलो.

मडक्यातून तपकिरी, फेसाळ असं काहीतरी भळाभळा वाहिलं. मी गुडघे झाडून उठतोय तोवर चाचींच्या कोंबड्या धावत आल्या आणि चोची बुडवून पिऊ लागल्या. थोड्याच वेळात एक कोंबडी भिंतीला टेकून बसली. दुसरी स्वतःभोवतीच फिरायला लागली. आणि कोंबड्यानं टळटळीत उन्हात बांग दिली. दिली ती दिली, थांबायचं नावच घेईना.

चाची पदर सावरत बाहेर आल्या. "आवं कारकून, काय केलासा हे. वैद्याचं रसायन सांडलासा की."

मदिनाचाची माझ्या घरमालकीण. मी पुढच्या सोप्यात राहायचो, त्या मधल्या घरात, आणि मागच्या खोलीत संक्रांतीपासून जोतीराम वैद्य नावाचा म्हसवडकडचा भाडेकरू होता. चाचींचे मालक हाफिजभाई कल्हईवाले. खांद्यावर भाता टाकून ते पंचक्रोशी फिरत, आणि लोकांची भांडी उजळून त्यांनी हे घर उभं केलं होतं. ते जाऊन काही वर्षं झाली होती, पण घर दाखवताना चाची अजून त्यांच्याच हिशेबानं दाखवायच्या. ही चौकट बागणीच्या जत्रेची. ही तुळई कवठेपिरानच्या पाटलांच्या लग्नातल्या भांड्यांची. मागची खोली म्हणजे तर सबंध एक दिवाळी. मी राहायला आलो तेव्हा मला आधी वाटलं, बाई जरा सरकलेली आहे. मग कळलं की तिच्याकडं नवऱ्याचा फोटो नव्हता, म्हणून ती भिंतींकडं बघून बोलायची. पोटापाण्यालाही तीच भिंत. भाड्यावर घर चालायचं.

जोतीराम वैद्य मोठा गोड बोलणारा. कपाळाला भस्म, खांद्यावर पंचा. खोली घेताना त्यानं सांगितलं की आपण गुळात मुळ्या घालून रसायन करतो. रसायन म्हणजे शक्तीचं औषध एवढं आपल्याकडं कुणालाही ठाऊक असतं. चाचींना वाटलं, घरात वैद्य आला, पुण्य लागलं. त्यानं मुळ्या उकळायला मोठं भांडं मागितलं, यांनी हाफिजभाईंचा तांब्याचा हंडा दिला. त्यानं नवसागर मागितला. आता वैद्याला नवसागर कशाला, हे कुणीही विचारलं असतं. पण कल्हईवाल्याच्या घरात नवसागर म्हणजे मिठासारखी वस्तू. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. शेजारी जिरं मागतो तसा त्यानं नवसागर मागितला आणि त्यांनी मालकांच्या पेटीतला होता तेवढा काढून दिला. वर म्हणाल्या, बरं झालं, कुणाच्या तरी औषधी लागंल.

मी जकातीचा कारकून. गाडीतल्या मालाचा वास घेऊन पट्टी ठरवणं हा माझा धंदा. आणि त्या खोलीपासून वीस हातांवर राहून मला इतके महिने काही कळलं नव्हतं. थंडीत सर्दी झाली तेव्हा मीच वैद्याकडं चमचाभर रसायन मागायला गेलो होतो. माझी नाडी बघून तो गंभीरपणे म्हणाला होता, तुमच्या प्रकृतीला मानवायचं नाही.

पण त्या दुपारी नाक खाली लावल्यावर मात्र मला कळलं. मागं नाक्यावर पोलिसांनी एक छकडा पकडला होता. त्यातल्या मडक्यांना हाच वास होता, आणि पंचनामा करताना जमादार ओरडून सांगत होता, लिहा, रसायन, मडकी अमुक. पोलिसांच्या भाषेत रसायन म्हणजे हातभट्टीसाठी आंबवलेला गूळ. गुळाला आंबवायला त्यात घालतात तो नवसागर, आणि मग तो उकळून दारू काढतात ती हंड्यात.

मी हे चाचींना हळू आवाजात सांगितलं. त्या आधी हसल्या. मग कोंबड्याकडं बघितलं. तो आता उलटा चालत होता. चाची उंबऱ्यावर बसल्या ते बराच वेळ उठल्याच नाहीत. ज्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता त्या घरात मडक्यांची रांग लागली होती. आणि गुडघे दुखतात म्हणून वैद्यानं चोळायला दिलेली बाटली संपत आली होती. त्यांनी त्या दिवशी राखेनं गुडघे इतके घासले की दुसऱ्या दिवशी खरोखर चालवेना.

पण खरं भय पुढंच होतं. संध्याकाळच्या चहाला त्यांनी मला बोलावलं आणि कपाकडं बघत सांगितलं, की त्यांनी या रसायनाची सगळ्या गावात तारीफ केली होती. दर्ग्यात, गिरणीत, नळावर. आणि हवालदारांच्या बायकोला, अंबूबाईंना, तर एक बाटली गुडघ्याला म्हणून नेऊनही दिली होती. अंबूबाईंनी नवऱ्याला सांगितलं, की मदिनाबीच्या घरी रसायन आहे. त्यावर लालासाहेब हवालदार म्हणाले होते, असं होय, बाजारादिवशी येतो बघायला.

कायदा मला थोडाफार ठाऊक होता. घरात भट्टी सापडली की घरमालकाला आधी धरतात, खोलीला सील ठोकतात, आणि पुढच्या सोप्यात राहणाऱ्या सरकारी कारकुनाला निदान साक्षीला तरी ओढतात. चाचींचा घास जायचा, माझी नोकरी. मी म्हटलं, वैद्याला आजच्या आज खोली सोडायला सांगा.

त्यांनी सांगितलं. मी मागं उभा होतो, म्हणजे बराच मागं. जोतीरामानं आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. तो पंचा झटकत म्हणाला, "चाची, घर तुमचं, हंडा तुमचा, नवसागर तुमच्या मालकाचा. गावभर रसायन-रसायन तुमीच करत हुता. माझं ह्यात काय हाय, सांगा बगू?"

चाचींनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला.

"मी उठून गेलो तर मोकळा," तो म्हणाला. "तुमी घर घिऊन कुटं जानार?"

त्यानंतरचे दिवस आम्ही कसे काढले ते विचारू नका. बोळात सायकलची घंटा वाजली तरी चाची तवा उतरवून ठेवायच्या. मी खाकी कपड्यातल्या पोस्टमनलासुद्धा नमस्कार करायला लागलो. जोतीरामाकडं दोन दांडगी माणसं येऊ लागली. ती पाण्याचा तांब्या मागायची आणि पिताना आमच्याकडं बघत राहायची. आपणच जाऊन हवालदारांना सांगावं, तर चाचींना वाटायचं की त्यांचं कोण ऐकणार. वैद्य म्हणेल, बाईच भागीदार आहे, आणि सगळी भांडी तेच सांगतील. मी सुचवलं, काही दिवस लोणंदला लेकीकडं, शबानाकडं जा. चाची म्हणाल्या, मी जाईन हो, घराला यष्टीत कोण घेईल.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी नाक्यावर जायला निघालो तर घरावर माणूस. केरू कौलवाला. पावसाच्या आधी घराची कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावायची, याला आमच्याकडं कौलं चाळणं म्हणतात. वैशाखात ते सगळ्याच घरांवर चालू असतं, त्यामुळे कुणी मान वर करून बघतही नाही. पण केरूनं सुरुवात केली होती ती मागच्या खोलीपासून.

जोतीराम पंचा सांभाळत बाहेर आला. म्हणाला, औषधात माती पडेल, पुढच्या आठवड्यात चाळा. चाचींनी त्याच्याशी बोलायचं सोडून बोळाकडं तोंड केलं. समोर बाळाबाई धान्य पाखडत होत्या, कडेला बिराप्पा वहाणा शिवत होता. चाचींनी त्यांना विचारलं, पावसाच्या आधी कौलं चाळायची का पावसात? यावर आष्ट्यात दुमत होणं शक्य नव्हतं. बाळाबाई म्हणाल्या, वैद्यबुवा, तुमच्या मुळ्या भिजतील की वं. बिराप्पानं तर वर जाऊन केरूला हात द्यायची तयारी दाखवली.

चाची खोलीच्या दारातून हलल्या नाहीत.

केरू स्वभावानं बोलका. एकेक कौल निघेल तसं त्याला वरून जे दिसेल ते तो खाली सांगत सुटला. चाची, हितं लय मडकी हायत. समद्यांस्नी फडकी बांधल्यात. ह्यो हंडा हाफिजभाईंचाच न्हवं का? आन् त्येला नळी कशाची लावलीया? पाखडायचं थांबलं. बोळातली माणसं एकेक करून परसात आली. वासे उघडे पडले, खोलीत लख्ख ऊन आलं, आणि जे इतके महिने दाराआड होतं ते सगळं गल्लीला कौलांवाटे दिसलं. जोतीरामानं वर बघितलं, माणसांकडं बघितलं, आणि पंचा खांद्यावर टाकून यष्टी स्टँडच्या दिशेनं चालू लागला. मडकी, हंडा, सगळं टाकून. त्याची दांडगी माणसं त्या दिवशी पाणी प्यायला आलीच नाहीत.

मी सुटकेचा श्वास टाकणार तोच बोळाच्या तोंडाशी लालासाहेब हवालदार दिसले. माझे पाय आपोआप शेवग्यामागं गेले.

चाचींनी त्यांना बोलू दिलं नाही. आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा काढला. "सायेब, हे रसायन. मी औशीद समजले. हंडा मी दिला, नवसागर बी मीच दिला. कळल्यापासनं झोप न्हाई. म्हणून कौलं काढून समद्यांस्नी दाखिवलं. आता काय करायचं ते तुमी करा."

हवालदार खोलीत गेले, बाहेर आले, उघड्या छपराकडं बघत उभे राहिले. बाळाबाई म्हणाल्या, बाई खरं बोलती. बिराप्पानं मान हलवली. केरूनं वरूनच साक्ष दिली, कुणी विचारलं नसताना. हवालदारांनी मग चाचींना जरा बाजूला घेतलं. माझं झाड जवळच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"ती अंबूला दिलेली बाटली?"

"तेवढी वतून टाका, सायेब."

त्यांनी मडकी फोडायला लावली, गुळाचा चिखल खड्ड्यात गेला, आणि जोतीरामाच्या मागं माणूस धाडला. खोलीला सील लागलं नाही. हंडा मात्र मुद्देमाल म्हणून गेला. तो नेताना चाचींनी पदरानं त्याचा काठ पुसला आणि आत निघून गेल्या.

जोतीराम सापडला की नाही, ते मला कळलं नाही. माझी बदली त्याआधीच झाली. पण बाजाराच्या त्या दुपारी केरू पुन्हा कौलं लावत होता, कोंबड्या शुद्धीवर होत्या आणि चाची उंबऱ्यावर चहा पीत होत्या. मी विचारलं, चाची, हवालदारांनी तुमचं खरं मानलंच नसतं, म्हणाले असते माल कुणाचा ते सांगा, तर काय करणार होता?

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुमचं नाव सांगनार हुते."