कोमट कॉईल

गाडी दारात थांबली की बापू मिस्त्री आधी बॉनेट उघडायचे आणि ठिणगी पुरवणाऱ्या कॉईलवर तळवा ठेवायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "इंजिन कुरकुरतं, बॅटरी रडती. कॉईल सांगून मरत न्हाय, मास्तर," म्हणायचे. मी राजारामपुरीत शिकवण्या घेतो. माझा वडिलांच्या वेळचा खटारा शाहूपुरीतल्या या एकाच माणसाच्या जिवावर चालत होता.

डिकीत सुट्या भागांचा पत्र्याचा डबा हवा, ही त्यांची सक्ती. त्यातली जादा कॉईलही कोरी चालायची नाही. आधी आठवडाभर गाडीला जोडून चालवायची, मग लाल दोरा बांधून डब्यात. "न वापरलेला स्पेअर म्हंजे नुसतं वजन की." डब्यातलं काही काढलं तर त्याच दिवशी त्यांना सांगायचं, हा नियम. तो मी मोडला. जयसिंगपूरच्या मित्राची गाडी अडली म्हणून कॉईल देऊन टाकली आणि बापू चिडतील म्हणून गप्प बसलो. पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा मी.

महिन्याभराने ऑईल बदलायला गाडी दिवसभर त्यांच्याकडे होती. संध्याकाळी किल्ली देताना बापू माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "डबा बघत जावा अधनंमधनं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत कळ येऊन ते गेले.

तेराव्यानंतर पन्हाळ्याच्या रस्त्यावर सकाळच्या गारठ्यात गाडी एकाएकी बंद पडली. ठिणगीच येईना. कॉईल नाही हे ठाऊक असूनही सवयीने डबा उघडला. आत लाल दोऱ्याची कॉईल होती. डबा गार, शेजारचा पाना गार. कॉईल मात्र कोमट, कुणीतरी आत्ताच चालत्या गाडीतून काढल्यासारखी. कशीबशी ती जोडली आणि पहिल्याच स्टार्टरला गाडी चालू झाली.

तसाच त्यांच्या घरी गेलो. दारात बापूंची स्वतःची जुनी गाडी उभी होती. वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी ह्यांना दवाखान्यात न्यायला जावयानं लई स्टार्टर मारला. चालूच झाली न्हाय. रिक्षा येईस्तोवर सगळं संपलं. कधी दगा दिला नव्हता बघा हिनं."

मी बॉनेट उचललं. कॉईलची जागा मोकळी होती. सुटलेल्या तारांच्या टोकांना बापूंनी नीट टेप गुंडाळून ठेवली होती.

आता सकाळी गाडी चालू करण्याआधी मी कॉईलवर तळवा ठेवतो. बाकी सगळं इंजिन गार पडलेलं असतं, ती रोज कोमट लागते. वहिनींना मी अजून काही सांगितलेलं नाही.