थैली कोणाची?

जगातल्या मोठ्या शहरांतल्या बसगाड्या आज सुखरूप धावत असतील, तर त्याचं थोडं श्रेय दारव्ह्याच्या एसटी स्टँडवरच्या आमच्या कंट्रोलरचाचांना द्यावंच लागेल. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. परदेशाशी त्यांचा सगळा पत्रव्यवहार माझ्या टायपिंग क्लासच्या मशीनवर झाला आहे आणि मी फालतू मजकुरावर रिबन झिजवणारी बाई नाही.

चाचांना एसटीच्या वेळा पाठ होत्या यात नवल नाही. पण कधी न पाहिलेल्या देशांतल्या भुयारी रेल्वेच्याही होत्या. दूरच्या कुठल्या राजधानीत गाडीत स्फोट झाला की इथे चाचांचा चहा बंद. अशाच एका बातमीनंतर त्यांनी त्या शहराच्या बस खात्याला माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं. आम्हीही गाड्या सोडतो, तुमचं दुःख आम्हाला कळतं; तुम्ही काय शिकलात ते कळवा, आम्ही काय शिकलो ते आम्ही कळवू. मी विचारलं, आपण काय शिकलो? ‘उत्तर येईपर्यंत शिकून घेऊ ना ताई,’ चाचा म्हणाले.

उत्तर आलं, सोबत एक पुस्तिकाही आली. तिच्यातला पहिला नियम असा, की बेवारस सामान दिसलं तर गाडी रिकामी करा. तो जसाच्या तसा लावला असता तर आमच्या जिल्ह्यातून एकही गाडी सुटली नसती. आमच्याकडे आधी खिडकीतून थैली सीटवर जाते आणि तिचा मालक चहा पिऊन मागून येतो. म्हणून चाचांनी नियम वाकवला. गाडी सुटण्याआधी कंडक्टरने एकेका थैलीकडे बोट दाखवून ‘थैली कोणाची?’ असं विचारायचं, आणि हात वर झाला नाही तरच गाडी रिकामी करायची.

लोक वैतागले. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. एका शेतकऱ्याने तोंडावर ऐकवलं, ‘इथं कपाशी जळून राह्यली अन् तुमाले बॉम्बचं सुचते?’ चाचा शांतपणे म्हणाले, ‘कपाशी माह्या हातात नाही, भाऊ. गाडी हाय.’

गाड्या उशिरा सुटू लागल्या तसे डेपो मॅनेजर चिडले. तेवढ्यात आमच्या पत्राला उत्तर लिहिणारा परदेशी अधिकारी बैठकीसाठी नागपूरला आला आणि चाचांनी पत्राने कळवलेली पद्धत बघायला थेट दारव्ह्याला येऊन धडकला. मॅनेजरांनी बजावलं, पाहुण्यासमोर जमलं तर ठेवा, नाहीतर उद्यापासून हे सगळं बंद.

पाहुणा बेरकी निघाला. त्याने मॅनेजरांच्या आणि दुभाषी म्हणून बोलावलेल्या माझ्या देखत, पण चाचांच्या नकळत, आपली निळी बॅग बोरी अरब गावाच्या गाडीत खिडकीतून टाकली. कंडक्टरने विचारलं आणि मधल्या सीटवरच्या एका म्हातारीने झटकन हात वर केला. ‘माही हाय.’

मॅनेजर माझ्याकडे बघून हसले. चाचा मात्र गाडीत चढले.

‘आत काय हाय, मावशी?’

‘लुगडं अन् लोनचं.’

‘कायचं लोनचं?’

म्हातारी घुटमळली. ‘माही नाही बाप्पा. कोनाची तरी असन, बिचाऱ्याची जागा जाईन म्हनून म्हटलं.’

चाचांनी शिट्टी फुंकली. पाहुण्याच्या घड्याळात दोन मिनिटं व्हायच्या आत गाडी रिकामी झाली. म्हातारी तर स्वतःची खरी थैली घेऊन सगळ्यांत पुढे. मी तिचं बोलणं पाहुण्याला इंग्रजीत सांगितलं. तो खूप हसला, मग गंभीर झाला आणि त्याने वही काढली. काही महिन्यांनी त्या शहराची नवी पुस्तिका आली. तिच्यात लिहिलं होतं की सामानावर कोणी हक्क सांगितला तरी आत काय आहे ते विचारा. खाली दारव्ह्याचं नाव होतं. त्या पानाची फ्रेम करून आणली मॅनेजरांनीच, आणि कंट्रोलरच्या केबिनमध्ये खिळाही त्यांनीच ठोकला.

चाचा निवृत्त झाले त्या संध्याकाळी मी त्यांना घरी जाणाऱ्या बोरी अरबच्या गाडीत बसवायला गेले. कंडक्टर, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, नेमाप्रमाणे ओरडला, ‘थैली कोणाची?’ चाचांनी हात वर केला.

‘आत काय हाय, चाचा?’

चाचांनी थैली मांडीवर ओढून घेतली. कंडक्टर घंटी न वाजवता थांबून राहिला.

‘पत्रं,’ चाचा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.