आवळून आलेली पाठ

काल, शनिवारी सकाळी, शेजारच्या मालतीकाकूंनी जवळजवळ पूर्ण झालेली स्वेटरची पाठ उसवली. स्वेटर कॅनडातल्या नातवासाठी होता आणि पाठ चार बोटं अरुंद आली होती.

लोकर तीच, सुया त्याच. सुरुवातीला त्यांनी छोटा चौकोन विणून टाके मोजले होते आणि ते पुस्तकातल्या मापाशी जुळले होते. उसवण्याआधी आम्ही तो चौकोन पाठीवर ठेवून पाहिला. चौकोन मऊ होता, पाठ पुठ्ठ्यासारखी.

"हा कधी विणलात?"

"रविवारी. तिकडून लेकीचा फोन रविवारीच येतो, तिच्याशी बोलत होते तेव्हा."

"आणि पाठ?"

"बाकीच्या दिवशी. टीव्हीसुद्धा लावत नाही मी, टाके चुकतात."

बोलता बोलता बोटं धागा सैल सोडतात आणि वाट पाहताना ओढून धरतात. पुस्तकात सुईचा नंबर दिलेला असतो, याचा हिशेब नसतो. दूरच्या माणसासाठी केलेल्या बऱ्याच गोष्टी अशाच थोड्या आवळून येत असाव्यात. करणाऱ्याला ते हातात जाणवत नाही. मापाला लावल्यावर दिसतं.

"एक नंबर मोठी सुई घ्या," मी सुचवलं.

"आणि तिने रोज फोन करायला सुरुवात केली, तर? ढगळ होईल की," काकू म्हणाल्या.

सुई त्यांनी बदलली नाही. आज रविवार आहे. फोन खुर्चीच्या हातावर ठेवलेला आहे. नवे टाके सुईवर घालून झाले आहेत. पहिली ओळ अजून विणलेली नाही.